झाकणावरची ओली माती

काखेतीत, अलाझानी नदीच्या वरच्या अंगाला,
आमच्या तळघरात गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण आहे.
इकडे त्याला क्वेव्री म्हणतात.
तेंगिज जन्मला त्या हेमंतात वालिकोनं तो भरला,
दगडी झाकण ठेवलं, वर माती लिंपली,
आणि पाटलोणीला हात पुसत म्हणाला,
"याच्या लग्नात उघडू. तोवर, मकवाला,
माती तेवढी वाळू देऊ नकोस."

एकतीस वर्षं झाली.
वालिको चर्चमागच्या उतारावर जाऊन निजला.
तेंगिज सलोनिकात परक्यांच्या घरांना फरश्या बसवतो.
"पुढच्या ईस्टरला येतो," म्हणाला होता.
त्यावर चार ईस्टर गेले.
चारही वेळा मंजिष्ठेच्या मुळ्यांत मी अंडी लाल उकळली,
एक जास्तीचं धरून.

देवा, जरा स्पष्ट बोलू?
मेणबत्ती लावून बोलते ते वेगळं.
हे तळघरातलं बोलणं आहे, गुडघे ओलीत टेकून.

त्सियाला शेजारीण म्हणते, एव्हाना व्हिनेगर झालं असेल,
लोणच्याला तरी काढ.
तिबिलिसीचा एक व्यापारी काचेची नळी घेऊन आला होता.
"अंगठ्याएवढी फट पुरे, काकू. चव बघू, भाव ठरवू."
मी त्याला गरम रोटी दिली, चीज दिलं,
आणि रस्त्याला लावला.
फट अंगठ्याएवढी असली
तरी आत जाणारा वारा काय अंगठ्याएवढाच असतो?

पण मग त्या माघातल्या रात्री
कुदळ घेऊन मीच खाली उतरले.
तुला ठाऊक आहे. तू होतासच.
फोन लागत नव्हता, कुंपणापलीकडे कुत्रं रडत होतं,
आणि मला एकदाच, एकदाच बघायचं होतं
की मी इतकी वर्षं कशाला पाणी घालते आहे.

पहिल्या महिन्यात नवी वाइन बोलते.
रात्रभर खदखदते, कुरकुरते, बायकांसारखी हसते.
मग एक दिवस गप्प होते.
नव्या नवरीच्या वयात मी घाबरून सासूला हाक मारली होती,
आई, मेली वाटतं ही!
सासू म्हणाली, गप. आता कुठे ती वाइन व्हायला लागलीय.

त्या रात्री झाकणाला कान लावला.
काही ऐकू आलं नाही.
कुदळ तिथंच, भिंतीला टेकून राहिली.
अजून आहे. गंजली थोडी.

थंडीत बसल्या बसल्या मी शब्द निवडत राहिले,
तांदळातले खडे निवडावे तसे:
हा तू दिलेला, हा वालिकोचा,
हा मीच तुझ्या तोंडी घातलेला.
मुलगा परत येईल, असं तू कधी म्हणालास?
आठवून आठवून पाहिलं. नाही म्हणालास.
तेवढ्यावरून चार वर्षं तुझ्याशी अबोला धरला होता मी,
न दिलेल्या शब्दासाठी.
सोडणार नाही, एवढंच म्हणाला होतास.
एवढंसं वाटलं तेव्हा.
उजाडेपर्यंत निवडत होते,
सुपात तेवढंच उरलं.

तेव्हापासून उशीर हा शब्द तुझ्यासाठी वापरत नाही.
उशीर व्हायला वेळ ठरलेली लागते,
ती तू मला सांगितलेली नाहीस.
राग मात्र येतो अजून. तो तुझ्याकडेच ठेवते.

आज सकाळी त्सियालाची नात मागोमाग खाली आली.
बादलीतली माती मी कालवली,
भेगांवर बोटानं दाबत गेले.
"आत काय आहे?"
माहीत नाही, म्हटलं.
"मग ओलं कशाला करतेस?"
त्यानं सांगितलंय म्हणून.
"कुणी?"

मी तिच्या हातावर मातीचा एक गोळा ठेवला,
आणि राहिलेली भेग दाखवली.